विळी : घरातील जागा व जपणूक

विळी हे मराठी घरातले बसून चिरण्याचे साधन. लाकडी पाटावर रोवलेले बाकदार पाते आणि त्याच्या शेंड्याला नारळासाठी दातेरी खवणी, अशी तिची घडण. गोव्यात आदोळी, मालवणीत आदाळो आणि बंगालात बोंटी ही तिचीच भावंडे. सुरी हातात फिरते. विळीचे पाते मात्र जागचे हलत नाही, दोन्ही हातांनी भाजी त्यावर आणली जाते. पाटावर पाय ठेवून बसलेला माणूस तिला धरून असतो. खरी काळजी तो उठल्यावर सुरू होते. धार उघडी, जमिनीलगत, रांगत्या मुलाच्या अगदी आवाक्यात.

म्हणून घरातल्या वडीलधाऱ्या बायका विळी कधी उभी सोडू देत नसत. काम झाले की ती धुऊन, पुसून, आडवी करून, पाते भिंतीकडे वळवून ठेवायची. या शिस्तीला तोड नाही. मात्र ती मोकळ्या, लांबरुंद स्वयंपाकघरात रुजली होती. ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या वन बीएचके घरांत चिरणे ओट्यावर गेले आणि विळी ओट्याखाली, बहुधा सिंकच्या कपाटात, डब्यांच्या मागे ढकलली गेली. ही जागा सर्वांत वाईट. तिथे ओल असते, अंधार असतो आणि हात न बघता आत जातो. त्यापेक्षा ओट्यापासून दूर, मुलांच्या हाताबाहेरचा कोरडा खण बरा. पण डोक्यापेक्षा उंच फळी नको, कारण जड पाट काढताना निसटतो.

ही शहरे खाडीच्या आणि उल्हास नदीच्या काठची. जून ते सप्टेंबर ओलसर हवेत लोखंडी पाते रात्रभरातच तांबूस पडते. कैरी, चिंच, लिंबू चिरून तसेच ठेवले तर त्याआधीच. पाते कोरडे पुसून त्यावर खोबरेलाचा पुसट हात फिरवावा. करडईचे तेल नको, ते हवेत सुकून चिकट होते. पाते वर्तमानपत्रात गुंडाळू नये, कागद ओल धरतो. पाण्याच्या जुन्या नळीचा तुकडा उभा चिरून धारेवर बसवला की साधी म्यान तयार होते. खवणीचे दातेही झाकावेत. ओरखडे तिचेच जास्त लागतात.

जपानी सुऱ्यांच्या बाबतीत हीच काळजी आणखी काटेकोर असते. साकाई व सेकी ही तिथली पात्यांची नावाजलेली गावे. सांतोकु, ग्युतो यांसारख्या सुऱ्यांचे पोलाद बरेचदा रॉकवेल मापावर 60 च्या पुढे कठीण असते. त्यामुळे धार टिकते, पण चमच्यांच्या खणात आपटली की तिचा टवका उडतो. तिथे लाकडी म्यानेला साया म्हणतात. सुरी पूर्ण कोरडी झाल्याशिवाय तीत घालत नाहीत. कार्बन पोलादाच्या पात्यांना कॅमेलियाच्या बियांचे तेल लावण्याची रीत आहे. आपल्या खोबरेलाचेच ते काम.

घडीच्या विळीत पाते खिळीवर फिरून पाटालगत आडवे बसते. खीळ सैल झाली की ते आपोआप उघडू शकते, म्हणून ती मधूनमधून आवळावी. लहान मूल असलेल्या घरात उघड्या पात्याची विळी बदलून घडीचीच घ्यावी.