आरसीसी : काँक्रीटला मिळालेली कुमक

१/ 'आरसीसी' हा शब्द मराठी घरांत केव्हाच रुळला आहे. त्यातील दोन 'सी' सिमेंट आणि काँक्रीटचे. पहिले अक्षर 'रिइन्फोर्स्ड'चे. शास्त्रीय मराठीत त्याला 'प्रबलित' म्हणतात. हा शब्द मूळचा रणांगणावरचा. लढणाऱ्या सैन्याच्या मदतीस ताजी फौज धाडणे, म्हणजेच कुमक. कुमक किती आली, याइतकेच ती कोणत्या बुरुजावर पोहोचली, हेही महत्त्वाचे असते.

२/ काँक्रीटला कुमक का हवी? दाब सोसण्यात ते दगडासारखे खंबीर. ताण सोसण्याची त्याची शक्ती मात्र त्याच्या सुमारे एक-दशांश. दोन टेकूंवरील तुळईवर भार आला की तिची वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते आणि तडा खालून जातो.

३/ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अनेकांनी काँक्रीटला लोखंडाची जोड देऊन पाहिली. न्यूकॅसलच्या विल्किन्सन यांनी १८५४ मध्ये पेटंट घेतले. फ्रान्सच्या लांबो यांनी जाळीवर सिमेंट थापून केलेली नाव १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडली.

४/ नाव गाजले ते झोसेफ मोनिए या फ्रेंच माळ्याचे. १८६७ मध्ये त्यांनी लोखंडी जाळी घातलेल्या सिमेंटच्या कुंड्यांचे पेटंट घेतले. पुढे नळ, टाक्या झाल्या; १८७५ मध्ये शाझले येथे पूलही झाला. लोखंड उपयोगी पडते हे हाताला कळले होते; नेमके का, याचे गणित अजून कोणी मांडले नव्हते.

५/ ते गणित जर्मनीत मांडले गेले. मोनिएंचे हक्क घेणाऱ्या वाइस यांच्यासाठी अभियंता माथियास कोनेन यांनी प्रश्नाचा अभ्यास केला आणि १८८६ मध्ये गणनेची रीत प्रसिद्ध केली. दाब काँक्रीटने सोसावा, ताण लोखंडाने. म्हणून सळई ताणाच्या बाजूसच हवी. कुमकेला आता तिचा बुरुज सापडला.

६/ ही जोडी टिकते ती दोन कारणांनी. उष्णतेने दोन्ही पदार्थ जवळपास सारखेच प्रसरण पावतात. आणि सिमेंटच्या अल्कधर्मी आवरणात सळईला गंज चढत नाही.

७/ १८९२ मध्ये एनबिक यांनी खांब, तुळई आणि स्लॅब एकसंध जोडणाऱ्या पद्धतीचे पेटंट घेतले. फ्रेंचांनी या पदार्थाला 'बेतों आर्मे', म्हणजे सशस्त्र काँक्रीट, म्हटले. तेथेही शब्द युद्धाचाच!

८/ मोनिएंचे मात्र १८८८ मध्ये दिवाळे निघाले. १९०६ मध्ये ते हलाखीतच वारले. जर्मन कारागीर सळईला पुढेही 'मोनिए लोखंड' म्हणत राहिले.

९/ १९३० च्या दशकात मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील इमारती याच तंत्राने उभ्या राहिल्या. तेथे शत्रू निराळा आहे : समुद्राची खारी हवा. क्षार आवरण भेदून सळईपर्यंत पोहोचले की गंज धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो आणि काँक्रीट आतून फोडतो. म्हणूनच सळईवरील काही सेंटिमीटरचे 'कव्हर' ही शोभेची बाब नव्हे. ते ढासळले, तर रक्षणासाठी धाडलेली कुमकच किल्ला पाडते.