तिन्हीसांजेची वीज

संध्याकाळी सहा ते रात्री दहा हे चार तास वीजखात्याला कायमच जड गेले. थंड पडलेलं कोळशाचं केंद्र तापायला कित्येक तास घेतं. इथे तर हाकेला लगेच ओ देणारं यंत्र हवं. महाड-पोलादपूरच्या दोन्ही अंगांना तशी वीज आहे. वर भिरा, खाली कशेडी उतरून पुढे गेलं की पोफळी. मुळशीचं पाणी सुमारे 500 मीटर खाली आणून टाटांनी 1927 साली भिऱ्यात वीज काढली, ती गेली मुंबईला. पोफळीची, म्हणजे कोयनेची, वीज 1962 ची. पाणी सोडलं की काही मिनिटांत यंत्र भार घेतं.

डिझेल इंजिनाचाही गुण तोच, कूळ मात्र वेगळं. रुडॉल्फ डिझेलचं इंजिन 1897 मध्ये जर्मनीत यशस्वी झालं. आपल्याकडे ते रुजलं विहिरीवर आणि पिठाच्या गिरणीत. 1946 मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. महाड एमआयडीसीतल्या रासायनिक कारखान्यांना या इंजिनाची गरज निराळीच. रिअ‍ॅक्टरमधलं ढवळणं आणि थंड पाणी मध्येच थांबलं तर आतला माल तापत जातो, प्रकरण हाताबाहेर जाऊ शकतं. तिथे डिझेल जनरेटर म्हणजे चैन नव्हे.

याच खासगी इंजिनांना 2006 मध्ये पुण्यात सार्वजनिक काम मिळालं. भारनियमनाचे दिवस होते. कारखान्यांनी गर्दीच्या वेळी आपापले जनरेटर चालवायचे, तेवढी महावितरणची वीज शहराला मोकळी व्हायची. शेकडो यंत्रं विखुरलेली, पण हिशेबात ते एक छोटं तेलावरचं वीजकेंद्रच. डिझेलचा जादा खर्च आकार लावून पुण्याच्याच ग्राहकांकडून वसूल झाला. मला ही योजना हुशारीची वाटते, पण ऐपत असलेल्या शहराची. पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांना असा आकार कुठून परवडणार?

आता दुपारी सौरवीज स्वस्त मिळते आणि अडचण पुन्हा त्याच चार तासांवर आली आहे. त्यावरचा उपायही घाटातलाच: स्वस्त विजेवर पाणी वर चढवायचं, संध्याकाळी खाली सोडायचं. भिऱ्यात असं 150 मेगावॉटचं यंत्र आधीपासून आहे. कर्जतजवळच्या भिवपुरीला 1000 मेगावॉटच्या तशाच प्रकल्पासाठी टाटा पॉवरने 2023 मध्ये राज्य सरकारशी करार केला.