दगडी शरभ आणि काचेचा वाघ

मुरुडजवळच्या राजपुरीहून होडीने निघाले, तरी जंजिऱ्याचा मुख्य दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. त्या दरवाज्याशी दगडात एक शरभ कोरलेला आहे. सिंहासारख्या या काल्पनिक पशूने पंजांत, तोंडात आणि शेपटीच्या विळख्यात मिळून सहा हत्ती धरले आहेत. आतला धनी किती बलवान आहे, हे येणाऱ्याला दारातच कळावे, असा त्याचा अर्थ.

पुढे संस्थानी काळात दगडी पशूंची जागा खऱ्या जनावरांनी घेतली. मुरुडमागचे फणसाडचे जंगल हे जंजिरा संस्थानच्या नवाबांचे राखीव शिकारक्षेत्र होते. वाघाचे कातडे, सांबराची शिंगे दिवाणखान्यात लावणे ही त्या काळी देशभरच्या राजेरजवाड्यांची रीत होती. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि अशा वस्तू घरात ठेवायलाही मालकीचा दाखला लागू लागला.

योगायोग असा, की चारच वर्षांनी, १९७६ मध्ये, युरोपात दिवाणखान्यासाठी एक नवा प्राणी जन्माला आला. ऑस्ट्रियातल्या वाटेन्स गावी डॅनियल स्वारोव्हस्की यांनी १८९५ साली काचेला पैलू पाडण्याचा कारखाना काढला होता. तिथल्या मॅक्स श्रेक या कारागिराने झुंबराचे सुटे भाग जोडून एक इवलासा उंदीर तयार केला. शेजारच्या इन्सब्रुकला त्या वर्षी हिवाळी ऑलिम्पिक भरले होते. उंदीर लोकांना आवडला आणि त्याच्यामागून काचेच्या प्राण्यांची रांगच लागली.

या काचेला आपण स्फटिक म्हणतो, पण ती असते काचच. सतराव्या शतकात लंडनच्या जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट यांनी काचेत शिशाचे ऑक्साइड मिसळून ती चकचकीत केली. शिशामुळे काच प्रकाश अधिक वाकवते आणि पैलू पाडायलाही सोपी जाते. झुंबराच्या लोलकातून सात रंग फाकतात ते यामुळेच. अलीकडे शिशाशिवायही अशी काच करतात.

१९८७ साली या कारखान्याने संग्राहकांचा संघ काढला. संघाच्या सभासदांसाठी दरवर्षी एक खास मूर्ती निघे. वर्ष संपले की ती पुन्हा घडवायची नाही, असा नियम. १९९३ ला आफ्रिकी हत्ती, १९९५ ला सिंह, २०१० ला वाघ. कमी मिळते म्हणून मोल वाढते, हे व्यापाराचे साधे गणित. २००८ ते २०१० च्या तीन मूर्तींचा विषयच होता संकटग्रस्त वन्यजीव: पांडा, गोरिला आणि वाघ.

बाजारात दुर्मीळपणाला किंमत येते; रानात मात्र तसे होत नाही. फणसाडचेच पाहा. १९८६ साली ते अभयारण्य झाले. तिथे आपला राज्यप्राणी शेकरू आहे आणि पांढऱ्या पाठीच्या गिधाडांसाठीही ते ओळखले जाते. गुरांना देण्याच्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाने ही गिधाडे देशभर मेली. मेलेले गुरू खाल्ले, की औषध पोटात जाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. १९९२ ते २००७ या काळात शंभरातली नव्याण्णवहून अधिक गेली. गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली ती २००६ मध्ये. हत्ती, सिंह, वाघ दिवाणखान्यात शोभतात. गिधाड कोण हौसेने मांडणार?

काचेचा वाघ जरूर घ्यावा. त्याच्यासाठी कुणाचा जीव जात नाही, ही शिकारीच्या दिवसांपेक्षा निश्चितच पुढची पायरी. मात्र नियम बदलला तर काचेची मूर्ती पुन्हा घडवता येईल. फणसाडच्या गिधाडांना तशी सोय नाही. मुरुडला गेलात तर जंजिऱ्याचा शरभ पाहाच, पण एक सकाळ फणसाडसाठीही राखून ठेवा.