खटक्याचा राजीनामा

दिवा 'विझवला' म्हणू नये, 'मालवला' म्हणावे, असे आपल्या घरांतून शिकवीत आले आहेत. संगणकाच्या बाबतीत हा फरक नुसता शब्दांचा नाही. चालत्या यंत्राची वीज एकाएकी तोडली की ते विझते. आणि लिखाण डिस्कवर उतरण्यापूर्वीच विझले, तर ते गेलेच म्हणायचे. त्याला मालवावेच लागते. हे काम माणसाच्या बोटाकडून आज्ञावलीकडे कसे गेले, ही हकिगत मला मोठी गमतीची वाटते.

नेमल्या वेळी काम करणे यंत्राला नवे नव्हते. युनिक्सच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीत 'क्रॉन' नावाची आज्ञावली होती. घड्याळ पाहून ती ठरलेली कामे उरकीत असे. पण टेबलावरच्या बहुतेक संगणकांना स्वतःला बंद करणे काही साधत नव्हते. त्यांचा खटका थेट घरच्या विजेवर बसलेला! 'विंडोज ९५' सारी आवराआवर करी आणि काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरांत कळवी, की आता यंत्र बंद करायला हरकत नाही. पंगत उठली, पाने उचलली, पण दिवा मालवायला यजमानानेच उठायचे!

१९९५ साली इंटेलने 'एटीएक्स' ही रचना आणली आणि खटक्याची सत्ता गेली. बटण आता केवळ विनंती करते. वीज सोडावी की तोडावी, हे मदरबोर्ड एका तारेवरून पॉवर सप्लायला कळवतो. मौज अशी, की विनंती ऐकायला कोणीतरी जागे हवे. म्हणून यंत्र बंद असतानाही पाच व्होल्टची एक बारीक धार चालूच राहते. स्वतःला बंद करण्याची विद्या त्याला मिळाली, ती कधीच पुरते बंद न होण्याच्या अटीवर. सौदा चतुर खरा. पण रात्रभर फुकट जळणाऱ्या यंत्रांपेक्षा ही धार मला पुष्कळ स्वस्त वाटते.

१९९२ च्या 'एपीएम' पद्धतीत हा कारभार बराचसा बायॉसच्या हाती असे. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी 'एसीपीआय' जाहीर करून तो कार्यप्रणालीकडे सोपवला. झोपेचेही प्रकार ठरले: 'एस-३' मध्ये स्मृतीपुरती वीज राहते, 'एस-४' मध्ये स्मृती डिस्कवर उतरवून यंत्र निजते. आतले घड्याळ त्याला पहाटे गजर देऊन उठवूही शकते.

एक हक्क मात्र माणसाकडे ठेवला आहे. कार्यप्रणाली हटूनच बसली, तर तेच बटण चार सेकंदांहून अधिक दाबून धरावे. यंत्र तिला न विचारता विझते आणि न जपलेले लिखाण सोबत नेते.