दोन ठिकाणची एकच वही

एकच वही दोन कचेऱ्यांत ठेवावयाची आणि दोन्हीकडे अक्षर न् अक्षर सारखे राखावयाचे, हा उद्योग जुना आहे. कारकुनांच्या कित्येक पिढ्या त्यात झिजल्या. तोच उद्योग संगणकांच्या गळ्यात पडला तेव्हा काय झाले, ते आज सांगावयाचे योजिले आहे.

ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथील राष्ट्रीय विद्यापीठात अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरास या दोघांनी १९९६ साली 'आरसिंक' नावाची आज्ञावली प्रसिद्ध केली. टेलिफोनच्या तारेवरून माहिती त्या काळी मुंगीच्या पावलांनी जात असे. मोठ्या फाइलीत चार ओळी बदलल्या, तर सबंध फाइल पुन्हा पाठवावयाची काय? दोन्ही प्रती शेजारी ठेवून ताडाव्यात, तर त्या दोन गावी! त्यांनी तोड काढली ती अशी. ज्याच्याकडे जुनी प्रत आहे त्याने तिचे सारख्या मापाचे तुकडे पाडावेत, प्रत्येक तुकड्याच्या दोन बेरजा काढाव्यात, एक कच्ची, झटपट होणारी, दुसरी पक्की, वेळ खाणारी. आणि नुसत्या बेरजाच पाठवाव्यात. नव्या प्रतीच्या मालकाने आपल्या फाइलीवरून त्याच मापाची खिडकी एकेक अक्षर सरकवीत न्यावी. कच्ची बेरीज अशी बेतली आहे की, खिडकी एक घर सरकली म्हणजे मागचे अक्षर काढून पुढचे घेतले की भागते. पहिल्यापासून मांडणी नको. कच्ची जुळली तरच पक्की ताडावी. जुळलेले तुकडे 'तुझ्यापाशी आहेत' एवढेच कळवावयाचे, आणि उरलेला मजकूर तेवढा धाडावयाचा. आरंभी एखादी ओळ घुसून पुढचे सारे सरकले तरी तुकडे सापडतात, ते या खिडकीमुळे. आणि ही आज्ञावली त्यांनी सर्वांना मोकळी करून दिली, हे आम्हा चळवळीतल्या माणसांना विशेष भावते.

पण आरसिंक हा हाक मारल्यावर येणारा गडी. बदल होताक्षणी आपण होऊन धावणारा नव्हे. २००५ साली लिनक्सच्या गाभ्यात 'आयनोटिफाय' ही सोय आली. फोल्डरवर पहारेकरी बसवावयाचा, काही हलले की तो वर्दी देतो. मात्र प्रत्येक पोटफोल्डराला वेगळा पहारेकरी लागतो, आणि वर्द्यांची रांग भरून वाहिली तर पुढच्या गळतात. मग सारे कपाट पुन्हा तपासणे आले.

हे झाले एकाच बाजूने लिहिण्याचे. दोन्हीकडून लिहिले म्हणजे?

आमच्या युनियनची सभासदयादी कचेरीत आणि शाखेत, अशी दोन संगणकांवर होती. एका संध्याकाळी कचेरीत आम्ही निवृत्तांची नावे कमी केली. त्यानंतर दहा मिनिटांनी शाखेत तेहतीस कंत्राटी कामगारांची वर्गणी नोंदली गेली. कचेरीतले घड्याळ वीस मिनिटे पुढे होते. यंत्राने कचेरीची प्रत 'नंतरची' ठरवून शाखेच्या प्रतीवर चढवली आणि तेहतीस माणसे क्षणात पुसली गेली. पडताळणीच्या दिवशी त्यांतला एक जण हातात पावती धरून उभा, आणि यादीत त्याचे नाव नाही! पुसणेसुद्धा तितक्याच तत्परतेने दुसरीकडे पोचते, हे तेव्हा उमगले. सारखी राखलेली प्रत म्हणजे जपून ठेवलेली प्रत नव्हे.

हा खड्डा फार पूर्वी दाखवून ठेवलेला होता. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ सालीच सांगितले होते की, विखुरलेल्या यंत्रांत आधी-नंतर हे निरोपांच्या देवाणघेवाणीवरून ठरते. काही घटना अशा असतात की त्यांत कोणतीच आधीची म्हणता येत नाही. लॉस एंजेलिसच्या 'लोकस' प्रणालीवर काम करणाऱ्या पार्कर, पोपेक आदी मंडळींनी १९८३ साली त्यावर हिशेब मांडला. कोणत्या ठिकाणी किती बदल झाले याचे आकडे प्रत्येक प्रतीवर लिहावयाचे. एकीवर कचेरी तीन, शाखा एक. दुसरीवर कचेरी तीन, शाखा दोन. तर दुसरी निःसंशय पुढची. पण एकीवर कचेरी चार, शाखा एक, आणि दुसरीवर कचेरी तीन, शाखा दोन, तर दोघींपाशी एकमेकींकडे नसलेले काही आहे. तेथे घड्याळाला विचारावयाचे नाही. झगडा आहे असे जाहीर करावयाचे. पुढे 'ड्रॉपबॉक्स'सारख्या सेवांनी अशा वेळी दुसरी प्रत वेगळ्या नावाने शेजारी ठेवण्याचा रिवाज पाडला. निवाडा माणसाकडे आला.

आमची तेहतीस नावे अखेर पावतीपुस्तकाच्या कार्बन प्रतींवरून परत लिहिली. ते काम करावयास तो पावतीवाला कामगारच दोन रात्री बसला होता.