पाच मेसेजची मर्यादा आणि बेहिशेबी द्वेष

१७ ऑगस्ट २०१२ रोजी केंद्र सरकारने देशभर घाऊक एसएमएस आणि एमएमएस १५ दिवसांसाठी बंद केले. मर्यादा ठरली पाच मेसेजची. पुढे काही दिवसांनी ती २० वर नेली. कारण दिले गेले अफवांचे, आणि ते कारण खोटे नव्हते. तरीही आम्हाला हा इतिहास पुन्हा उघडावासा वाटतो. कारण अफवेने मारले जाणारे आणि मेसेज बंद झाल्यावर मुके होणारे लोक पुष्कळदा एकाच थरातले असतात. ते आपले लोक असतात.

आधी घटनाक्रम नीट पाहू. जुलै २०१२ मध्ये आसामच्या कोक्राझार आणि आसपासच्या जिल्ह्यांत बोडो आणि बंगालीभाषक मुसलमान यांच्यात हिंसाचार पेटला. चार लाखांहून अधिक माणसे घरदार सोडून छावण्यांत गेली. त्यातच म्यानमारमधील मुसलमानांच्या हत्याकांडाची म्हणून काही छायाचित्रे फिरू लागली. त्यातले एक तर २०१० च्या भूकंपात मेलेल्यांवर अंत्यसंस्कार करणाऱ्या तिबेटी भिक्खूंचे होते! ११ ऑगस्टला मुंबईत आझाद मैदानावर दंगल होऊन दोघांचा जीव गेला. पुण्यात ईशान्येकडील तरुणांना मारहाण झाली. मग मेसेज सुटले की ईदनंतर तुमच्यावर हल्ले होणार, निघून जा. १५ ऑगस्टपासून बंगळूरच्या रेल्वे स्टेशनवर हजारोंची गर्दी उसळली. गुवाहाटीकडे खास गाड्या सोडाव्या लागल्या.

आता आमचा प्रश्न. कर्नाटकचे मंत्री स्वतः स्टेशनवर जाऊन 'थांबा, तुम्ही सुरक्षित आहात' असे सांगत होते. तरी लोक का थांबले नाहीत? निनावी मेसेज खरा वाटला आणि मंत्र्याचा शब्द खोटा, असे का झाले?

उत्तर मोबाईलमध्ये सापडणार नाही. ज्या तरुणाला त्याच्या डोळ्यांवरून, नाकावरून रोज चिडवले जाते, ज्याला घरमालक खोली देताना दहा प्रश्न विचारतो, त्याला हल्ल्याची बातमी अशक्य वाटत नाही. ईशान्येकडील अनेक जमाती अनुसूचित जमातींत मोडतात. त्यांना वंशावरून हिणवल्यास अ‍ॅट्रॉसिटी कायदा लावा, असे केंद्रीय गृहखात्याला २०१२ सालीच राज्यांना सांगावे लागले होते. म्हणजे रोग सरकारला ठाऊक होता. मर्यादा मात्र घातली ती मेसेजवर.

ज्यांना वाटते की अफवा ही मोबाईलची देणगी आहे, त्यांनी महाड आठवावे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो अस्पृश्य चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर थोड्याच वेळात गावात उठवले गेले की हे लोक आता वीरेश्वराच्या मंदिरात घुसणार आहेत. मंदिरप्रवेशाचा कसलाही बेत नव्हता. पण लाठ्याकाठ्या घेतलेला जमाव मंडपात जेवत असलेल्या आणि परतीच्या वाटेला लागलेल्या आपल्या माणसांवर तुटून पडला. तेव्हा एसएमएस नव्हता, व्हॉट्सअ‍ॅप नव्हते. एक वाक्य तोंडातोंडी पसरायला पुरेसे होते, कारण ते ऐकायला मने आधीच तयार होती.

तीच गोष्ट १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात घडली. मंगळवेढा भागातून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना 'मुले पळवणारी टोळी' समजून जमावाने ठेचून मारले. ग्रामपंचायतीच्या खोलीतही ते वाचले नाहीत. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असे जाहीर केले. पुन्हा आकडा पाच! पण भटका दिसला की चोर समजायचे, हे कोणत्या व्हॉट्सअ‍ॅपने शिकवले? इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून अख्ख्या जमातींच्या कपाळावर गुन्हेगारीचा शिक्का मारला. १९५२ मध्ये तो कायदा गेला, शिक्का गेला नाही. अफवेने फक्त तो शिक्का वाचून दाखवला.

आता नाण्याची दुसरी बाजू. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. मोठ्या वृत्तपत्रांना आणि वाहिन्यांना तिची दखल घ्यायला कित्येक दिवस लागले. ती बातमी गावोगावी नेली ती आपल्या कार्यकर्त्यांनी, पत्रकांतून, ई-मेलवरून, एसएमएसवरून. त्या वेळी पाच मेसेजची मर्यादा असती तर? ज्याच्याकडे वृत्तपत्र आहे, वाहिनी आहे, त्याला अशा मर्यादेची झळ बसत नाही. ज्याचा छापखाना म्हणजे खिशातला फोन, त्याचाच आवाज बसतो. २ एप्रिल २०१८ च्या भारत बंदच्या वेळी, अ‍ॅट्रॉसिटी कायदा वाचवण्यासाठी लोक रस्त्यावर उतरणार होते, तेव्हा पंजाबात आदल्या दिवशीच मोबाईल इंटरनेट बंद करण्यात आले. अफवेसाठी बनवलेले कुलूप आंदोलनाच्या दाराला किती सहज बसते पाहा.

म्हणून कोणतीही मर्यादा नकोच, असे आम्ही म्हणत नाही. जीव वाचत असेल तर दोन दिवस मेसेज थांबले तरी चालतील. पण आदेश लेखी हवा, जाहीर हवा, मुदतीचा हवा आणि त्याला आव्हान देता यायला हवे. जानेवारी २०२० मध्ये इंटरनेटबंदीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावले की असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत आणि बंदी बेमुदत असू शकत नाही. त्याच्या जोडीला सरकारने त्याच वेगाने खरी माहिती द्यावी, लोकांच्या बोलीत द्यावी, आणि जमाव जमण्याआधी पोलीस पोचवावेत. अफवा रचणाऱ्याला शोधण्याऐवजी सगळ्यांची तोंडे बांधणे हे कामचुकारपणाचे लक्षण आहे.

आणि एक काम आपले. आपल्या ग्रुपवर 'पुतळ्याची विटंबना झाली' असा मेसेज आला, तर पुढे पाठवण्याआधी गाव, तारीख, वेळ विचारा. तिथल्या कार्यकर्त्याला फोन करा. खरे असेल तर पुराव्यासह पोलीस ठाण्यात जा, तक्रार नोंदवा आणि मग जगाला सांगा. खोट्या मेसेजवर आपण रस्त्यावर आलो, तर पुढच्या खऱ्या खैरलांजीच्या वेळी आपल्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि सरकारला कुलूप लावायला आयते निमित्त मिळेल.

मेसेज मोजणे सोपे आहे. वस्तीत, भाड्याच्या खोलीत, पोलीस ठाण्यात माणसाला मिळणारी वागणूक मोजणे अवघड आहे. पण तो हिशेब कधीतरी मांडावाच लागेल, आणि तो मागण्याचा हक्क आपल्याला संविधानाने दिला आहे.

जय भीम!