वृक्षचिचुंदरी, भारतीय : शोधाचा व वर्गीकरणाचा इतिहास

भारतीय द्वीपकल्पातील डोंगराळ अरण्यांत राहणारा एक लहान सस्तन प्राणी. ह्याचे शास्त्रीय नाव ॲनाथाना एलिओटी असे आहे. गंगेच्या दक्षिणेस सातपुड्यापासून पूर्व घाट व तमिळनाडूतील शेवरॉय टेकड्यांपर्यंत त्याचे स्थूल वितरण असून जगात इतरत्र तो आढळत नाही. ह्या वंशात ही एकच जाती आहे. उत्तरेकडील सातपुडा आणि आग्नेयेकडील पूर्व घाट ह्यांच्या मधोमध चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांची साग, मोह, तेंदू व बांबूची अरण्ये पसरलेली आहेत. टिपागड, सुरजागड व भामरागड येथील टेकड्या ह्याच पट्ट्यात मोडतात.

डोके व धड मिळून लांबी सु. १७–२० सेंमी. असून शेपूट जवळजवळ तेवढीच लांब व झुपकेदार असते. अंगावरील केस तपकिरी व पिवळसर ठिपक्यांचे मिश्रण असलेले, पोटाकडील बाजू फिकट आणि खांद्यावर एक तिरपा पांढुरका पट्टा असतो. प्रथमदर्शनी हा प्राणी खारच वाटतो. तथापि सामान्य खारीच्या पाठीवरील लांब पट्टे त्याला नसतात, मुस्कट अधिक निमुळते असते आणि खारीच्या मिशांसारखे लांब स्पर्शकेस नसतात. तोंडात कुरतडणारे पटाशीचे दात नसून एकूण ३८ लहान दात असतात. अन्न मुख्यतः कीटक, गांडुळे व फळे हे होय. नावात वृक्ष असला, तरी त्याचा बराच वेळ जमिनीवर व खडकांत जातो. तो दिवसा वावरतो व रात्री खडकांच्या कपारींत किंवा ढोलीत विसावा घेतो.

खारीशी असलेल्या ह्या साम्यामुळे वृक्षचिचुंदऱ्यांच्या अभ्यासाची सुरुवातच घोटाळ्याने झाली. कॅप्टन कुक ह्यांच्या तिसऱ्या सफरीत १७८० मध्ये विल्यम एलिस ह्या शल्यविशारदाच्या मदतनिसाने व्हिएटनामच्या किनाऱ्यालगतच्या पुलो काँडोर बेटावर अशा एका प्राण्याचे चित्र काढले व त्याला खार म्हटले. पुढे रॅफल्स ह्यांनी १८२१ मध्ये टुपाया हा वंश स्थापला. हे नाव मलायी भाषेतील आहे व त्याचा अर्थही खार असाच होतो. प्राणी चिचुंदरीसारखा म्हणून ओळखला गेला, तरी खारीचे नाव काही सुटले नाही.

भारतीय जातीचा नमुना पूर्व घाटातील कडप्पा व नेल्लोर ह्यांच्या दरम्यानच्या डोंगरांतून मद्रास सनदी सेवेतील वॉल्टर एलियट ह्यांच्याकडून लंडनला पोहोचला व १८४९ मध्ये जी. आर. वॉटरहाउस ह्यांनी टुपाया एलिओटी ह्या नावाने त्याचे वर्णन केले. एलियट हे मराठी वाचकांस अगदीच परके नव्हेत. दक्षिण मराठा प्रदेशातील सस्तन प्राण्यांची त्यांनी केलेली सूची १८३९ मध्ये प्रसिद्ध झाली होती आणि आंध्रातील अमरावतीच्या स्तूपाची शिल्पे त्यांनीच १८४५ मध्ये उकरून मद्रासला नेली.

सु. साठ वर्षे भारतीय प्राणी टुपाया वंशातच राहिला. १९१३ मध्ये अमेरिकन प्राणिवैज्ञानिक मार्कस लायन ह्यांनी संपूर्ण कुलाचा आढावा घेतला, तेव्हा मोठे केसाळ कान व दातांची रचना ह्यांवरून त्यांनी भारतीय प्राण्यासाठी ॲनाथाना हा स्वतंत्र वंश केला. हे नाव ‘मूंगिल अनाथान’, म्हणजे बांबूतली खार, ह्या तमिळ नावावरून घेतले आहे. चांद्याचे बांबूबन पाहिलेल्या माणसाला ते चपखल वाटेल. लायन ह्यांनी ह्या वंशात तीन जाती मानल्या. त्यांपैकी एक सुरत–डांग भागातील मांडवीच्या नमुन्यावर आधारलेली असून तिला मुंबई इलाख्यातील वनाधिकारी आर. सी. रॉटन ह्यांचे नाव दिले होते. आता तिन्ही एकच मानल्या जातात.

रॉटन ह्यांचा संबंध येथे योगायोगाचा नव्हता. बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ मध्ये सस्तन प्राण्यांची पाहणी हाती घेतली होती व तिच्या नमुन्यांचे निदान बव्हंशी त्यांच्याकडे होते. पाहणी खानदेशातून सुरू झाली आणि १९२३ पर्यंत चालली. लहान प्राण्यांना महत्त्व देणारे हे भारतातील पहिले मोठे काम होय. तोवर शिकारीच्या वाङ्‌मयात वाघ, गवा व अस्वल ह्यांपलीकडे सहसा कोणी पाहत नसे.

ह्यानंतर वृक्षचिचुंदऱ्यांना अनपेक्षित प्रसिद्धी मिळाली. डोळ्याच्या खोबणीभोवतीचे पूर्ण अस्थिवलय व मोठा मेंदू पाहून ब्रिटिश शारीरविज्ञ ल ग्रो क्लार्क ह्यांनी १९२० नंतरच्या दशकात त्यांचा संबंध माकडे व मानव ह्यांच्या गणाशी जोडला. जी. जी. सिम्पसन ह्यांनी १९४५ च्या वर्गीकरणात त्यांना नरवानर गणातच बसविले. १९६० नंतर हे मत ढासळू लागले. आई पिलांकडे दोन दिवसांतून एकदाच जाते, हे आर. डी. मार्टिन ह्यांचे टुपायावरील निरीक्षण त्यास कारणीभूत झाले. नरवानरांचे अपत्यसंगोपन असे नसते. १९७२ पासून त्यांना स्कँडेंशिया ह्या स्वतंत्र गणात ठेवण्याची पद्धत रूढ झाली. रेणवीय पुराव्यानुसार हा गण नरवानर व उडते लेमूर ह्यांना जवळचा असून खऱ्या चिचुंदऱ्यांशी त्याचे निकटचे नाते नाही.

ह्या साऱ्या वादाचा आधार मुख्यतः आग्नेय आशियातील टुपाया हाच होता. भारतीय जातीविषयी मतप्रदर्शन पुष्कळ झाले; परंतु तिचे शरीर व जीवनक्रम ह्यांवर वर्मा ह्यांचा विस्तृत लेख १९६५ मध्ये आला आणि रानातील वर्तनाविषयी खोराझिना व कुरूप ह्यांची निरीक्षणे १९७५ मध्ये. वर्णनापासून तोवर सव्वाशे वर्षे उलटली होती.

चंद्रपूर–गडचिरोलीच्या वनेतिहासातही लहान प्राण्याला जागा अशी थोडीच होती. अहेरी–आलापल्लीची अरण्ये सागवानासाठी ख्यात झाली, बल्लारपूरच्या कारखान्याने बांबू मागितला, १९५५ मध्ये ताडोबा राष्ट्रीय उद्यान झाले व १९९५ मध्ये ताडोबा–अंधारी व्याघ्र प्रकल्प. स्वयंचलित कॅमेरे वाघाच्या उंचीचा व वाटांचा विचार करून लावतात. खडकांतून झटकन जाणारा, खारीएवढा प्राणी त्यांत क्वचित सापडतो. खडकाळ उतार व बांबूची जाळी ही त्याच्या निवासाची मुख्य अंगे होत. सुरजागडच्या डोंगरावर २०२१ पासून लोहखनिजाचे मोठे उत्खनन सुरू झाले आहे. तेथील उतारावर खार दिसली, तर पाठीवर पट्टे आहेत की खांद्यावर पांढुरकी रेघ आहे, एवढे पाहून दोन्ही वेगळे ओळखता येतात.